ऐकू न येणारं पोरगंही भाषण करू शकतं. शाळेनं स्पर्धेत एवढे बदल करावेत

बुलढाणा : जानेवारी म्हणजे जिल्ह्यातल्या शाळांत भाषणांचा महिना. 3 तारखेला सावित्रीबाईंची जयंती, 12 ला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सव आणि गावोगावी वक्तृत्व स्पर्धा, मग 26 जानेवारी. स्पर्धेच्या यादीत ज्याला ऐकू येत नाही त्या पोराचं नाव सहसा नसतं. "त्याला बोलताच येत नाही, भाषण कसं करणार?" असं घरचेच म्हणतात. पण असं भाषण करता येतं आणि त्याच्या स्पर्धाही होतात.

अशा स्पर्धा कुठं होतात?

अमेरिकेतली ऑप्टिमिस्ट इंटरनॅशनल ही संस्था कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा घेते. विद्यार्थी तोंडी बोलू शकतो, हाताच्या खुणांनी म्हणजे सांकेतिक भाषेत बोलू शकतो किंवा दोन्ही वापरू शकतो. वेळ 4 ते 5 मिनिटं.

आपल्याकडे दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर सांकेतिक भाषेची स्पर्धा घेतं. 2021 ची स्पर्धा चौथी होती. पोरं गोष्ट, विनोद, निबंध असं सगळं खुणांनी सांगतात.

सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत सहभागी झाल्या. खुणांची भाषा देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टात चालते, तर शाळेच्या स्टेजवर का चालू नये?

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये आला. दोन्ही कानांनी 70 डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकू येत नसेल तर तो 'बधिर', आणि 60 ते 70 डेसिबलचा तोटा असेल तर 'कमी ऐकू येणारा', असं त्यात लिहिलंय. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, खेळ-मनोरंजनात इतरांसारखीच संधी द्यायची आणि त्याला समजेल त्या भाषेत शिकवायचं, हे कलम 16 सांगतं.

शाळेनं काय करावं?

1. विषय आठ-पंधरा दिवस आधी लिहून द्यावा. ऐनवेळी तोंडी सांगितलेला विषय या पोराला कळत नाही.

2. तोंडी, खुणांनी की दोन्ही, हे त्याला ठरवू द्यावं.

3. खुणांचं भाषण असेल तर ते मोठ्यानं बोलून दाखवणारा दुभाष्या ठेवावा. गुण मात्र पोराच्या मुद्द्यांना, मांडणीला आणि हावभावांना द्यावेत. दुभाष्याच्या आवाजाला नाही.

4. परीक्षकांत एक जण सांकेतिक भाषा जाणणारा हवा. पोरगं तोंडी बोलत असेल तर अडखळत्या उच्चारासाठी गुण कापू नयेत.

5. वेळ संपल्याची घंटा त्याला ऐकू येत नाही. रंगीत कार्ड दाखवावं.

6. चेहऱ्यावर आणि हातांवर भरपूर उजेड हवा. माइक किंवा टेबल आड येऊ देऊ नये.

7. टाळ्या त्याला दिसल्या पाहिजेत. दोन्ही हात वर करून पंजे हलवले की कर्णबधिरांच्या भाषेत ती टाळीच.

खुणा शिकायच्या कुठं?

दिल्लीच्या केंद्राचा 10 हजार शब्दांचा शब्दकोश 2021 मध्ये निघाला. 'साइन लर्न' हे त्याचं मोबाइल ॲप आहे. डिसेंबर 2024 पासून पीएम ई-विद्याचा 31 क्रमांकाचा चॅनेल खास सांकेतिक भाषेसाठी सुरू झालाय. पोरासोबत आई-बाप, भावंडं आणि वर्गातली दोस्त मंडळीही शिकली तर जास्त फायदा होतो. घरात कुणाशी बोलायलाच मिळालं नाही, तर ते स्टेजवर काय बोलणार?

पालकांनी आधी काय करावं?

हाक मारल्यावर लेकरू वळून पाहत नसेल, किंवा वय वाढूनही बोलत नसेल, तर "बोलेल मोठं झाल्यावर" म्हणून थांबू नये. सरकारी दवाखान्यात दाखवून कानाची तपासणी करून घ्यावी. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो.

गावात अशा पोराला सर्रास 'मुकं' म्हणतात. बहुतेकांचा गळा ठणठणीत असतो. कानावर शब्दच पडले नाहीत म्हणून बोलणं आलेलं नसतं. त्याच्याकडं सांगण्यासारखं काय आहे, हे गावाला कळायचं असेल तर यंदाच्या यादीत त्याचंही नाव लिहावं लागेल.