दोन मोठ्यांच्या करारात छोटा दुकानदार कुठं उभा असतो?



पुरवठादाराचा विषय निघाला की नवीन धंदा सुरू करणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "सर, माल स्वस्त कुठं मिळंल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा : "उद्या हा माल अचानक बंद झाला तर माझ्या दुकानाचं काय?"

हे समजून घ्यायला आज टीव्हीच्या धंद्याचं उदाहरण घेऊ. कारण त्या धंद्याचं गिऱ्हाईक आपण सगळेच आहोत.

१ ऑक्टोबर २०१८ : करार संपला, चॅनेल गेले

टाटा स्काय, म्हणजे आताचं टाटा प्ले, ही डिशवाली कंपनी. सोनी ही चॅनेलवाली कंपनी. आपल्या भाषेत सांगायचं तर सोनी माल बनवणारी आणि टाटा स्काय हे तो माल विकणारं मोठं दुकान. दोघांचा जुना करार संपला आणि नव्या दरावर काही जमलं नाही. १ ऑक्टोबर २०१८ ला टाटा स्कायनं सोनीचे आणि इंडिया टुडे समूहाचे मिळून तीसच्या आसपास चॅनेल पॅकमधून काढले. चॅनेलवाले मागतात तो भाव जास्त आहे, सगळ्याच गिऱ्हाइकांवर त्याचा बोजा नको, ज्याला हवेत त्यानं मिस्ड कॉल देऊन चालू करून घ्यावेत, असं दुकानाचं म्हणणं.

आता वेळ बघा. 'कौन बनेगा करोडपती'चा दहावा सीझन सोनीवर ३ सप्टेंबरला सुरू झालेला. सोनी मराठी १९ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम दीड महिन्यापूर्वी आलेलं. घटस्थापना १० ऑक्टोबरला. जाहिरातदार सणासुदीला पैसा ओततात, म्हणजे चॅनेलवाल्यासाठी ऐन सीझन. तिकडं घरातली मंडळी रोजचा कार्यक्रम दिसंना म्हणून वैतागलेली, म्हणजे डिशवाल्याच्या डोक्यालाही ताप. चॅनेल जितके दिवस बंद, तितके दिवस दोघांचंही नुकसान. शेवटी दोघांत समझोता झाला आणि चॅनेल परत आले.

इथून एक गोष्ट घ्या. भाव ठरवताना ताकद कुणाची जास्त, हे कंपनीच्या आकारावर ठरत नाही. "माल बंद राहिला तर रोज कुणाचं जास्त नुकसान होतं?" यावर ठरतं. आपल्या माहूरचंच घ्या. नवरात्रात गडावर रेणुकामातेच्या दर्शनाला रीघ लागते. खण-नारळ, हळद-कुंकू, बांगड्या, तांबूल, सगळ्याला उठाव. तुमचा पुरवठादाराशी ठरलेला भाव घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात संपत असेल, तर त्या दिवशी ताकद पुरवठादाराकडं. तोच भाव सण सरल्यावर, बाजार थंड असताना संपत असेल, तर थोडी ताकद तुमच्याकडं. माल तोच, माणसं तीच, फक्त तारीख वेगळी.

फेब्रुवारी २०२३ : मधला माणूस अडकला

२०१८ मध्ये दोन्ही बाजूंना मोठ्या कंपन्या होत्या. आता दुसरा किस्सा बघा, कारण तुमची-माझी जागा त्यात दिसते.

दूरसंचार नियामक ट्रायनं नोव्हेंबर २०२२ मध्ये दराचे नियम बदलले. १९ रुपयांपर्यंत किमतीचा चॅनेल पॅकमध्ये देता येईल असं ठरलं आणि नवे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले. चॅनेल कंपन्यांनी नवे दरपत्रक आणि नवे करार पुढं केले. डीटीएचवाल्यांनी सह्या केल्या. केबलच्या काही मोठ्या कंपन्या मात्र अडल्या. भाव वाढला तर गिऱ्हाईक केबल काढून टाकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांची संघटना केरळ उच्च न्यायालयात गेली, पण लगेच दिलासा मिळाला नाही.

१८ फेब्रुवारीला, ऐन महाशिवरात्रीच्या दिवशी, डिस्ने स्टार, झी आणि सोनी यांनी सही न केलेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल बंद केले. संघटनेच्या सांगण्यानुसार देशातल्या साडेचार कोटी घरांना फटका बसला. मराठी घरात याचा अर्थ काय, तर स्टार प्रवाह, झी मराठी आणि सोनी मराठी एकाच वेळी गायब. जवळपास आठवडाभरानं केबल कंपन्यांनी करार केले आणि चॅनेल परत आले.

आता सांगा, त्या आठवड्यात लोकांनी फोन कुणाला केला? मुंबईच्या हेड ऑफिसला? नाही. गल्लीतल्या केबलवाल्याला! जो दर महिन्याला पैसे न्यायला येतो, पावसात तार तुटली की शिडी घेऊन येतो, त्यालाच. वाटाघाटीच्या टेबलावर त्याला खुर्ची नव्हती. भाव त्यानं ठरवला नाही, चॅनेल त्यानं बंद केले नाहीत. पण गिऱ्हाईक तुटलं तर तुटणार होतं त्याचं, कारण शेजारच्या डिशवर तेच चॅनेल चालू होते.

हिशोब करून बघू. त्या वेळच्या नियमात नेटवर्क शुल्काची मर्यादा महिन्याला १३० रुपये, वर जीएसटी. मोठ्या केबल कंपनीत आणि गल्लीतल्या केबलवाल्यात वेगळं काही ठरलं नसेल तर वाटणी ५५ : ४५. म्हणजे १३० मधले ५८ रुपये ५० पैसे केबलवाल्याचे. समजा २० घरं कायमची डिशवर गेली, तर महिन्याला १,१७० आणि वर्षाला १४,०४० रुपये गेले. तेही फक्त नेटवर्क शुल्कातले. दुसऱ्यांच्या भांडणापायी!

मित्रांनो, तुम्ही एजन्सी घ्या, फ्रँचायझी घ्या, मोबाइल रिचार्जचं दुकान टाका नाहीतर दूध संकलन केंद्र चालवा. बहुतेक वेळा तुम्ही सोनीही नसता आणि टाटा स्कायही नसता. तुम्ही तो शिडीवाला केबलवाला असता. ही जागा वाईट नाही बरं का. गिऱ्हाइकाचा चेहरा तुम्हालाच माहीत असतो. पण या जागेवर उभं राहायचं तर तयारी लागते.

मग आपण काय करायचं?

पहिलं : तारीख लिहून ठेवा. टीव्हीच्या नियमात चॅनेल कंपनीनं करार संपायच्या किमान ६० दिवस आधी नव्या करारासाठी नोटीस द्यायची असते. नवा करार झालाच नाही तर १५ दिवस आधी पडद्यावर पट्टी दाखवून प्रेक्षकांना कळवायचं असतं. एवढे नियम असूनही भांडणं होतातच. आपल्याकडं तर सगळं तोंडी! म्हणून तुमच्या प्रत्येक पुरवठादाराचा भाव कधीपर्यंत आहे, हे दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा आणि ६० दिवस आधीच्या तारखेवर लाल गोल करा.

दुसरं : एक वाक्य लेखी घ्या. "भाव बदलायचा किंवा पुरवठा थांबवायचा असल्यास दोन्हीपैकी कुणीही ३० दिवस आधी लेखी कळवेल आणि तोपर्यंतच्या ऑर्डर जुन्या भावानं पूर्ण होतील." छोट्या व्यवहारात हे व्हॉट्सअॅपवर पाठवून "मान्य आहे" असं उत्तर घेतलं तरी तोंडी बोलण्यापेक्षा कितीतरी बरं. डिपॉझिट भरून एजन्सी घेत असाल तर मात्र पक्का करारनामा करा आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा. वकिलाची फी डिपॉझिटपेक्षा कमीच असते.

तिसरं : भांडण झालं तर कुठं जायचं, ते आधी बघा. टीव्हीवाल्यांसाठी टीडीसॅट नावाचं खास न्यायाधिकरण दिल्लीत आहे. तुमच्या करारात "वाद झाल्यास न्यायक्षेत्र मुंबई" असं बारीक अक्षरात असेल, तर चाळीस हजाराच्या डिपॉझिटसाठी माहूरहून मुंबईच्या खेपा परवडतील का? नांदेड लिहून मागा. मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देत नसतं.

चौथं : एकाच खुंटीला सगळं टांगू नका. ज्या मालावर तुमची निम्मी विक्री आहे, त्याचा दुसरा पुरवठादार शोधा. त्याच्याकडून थोडा माल कायम घेत राहा, भले भाव दोन रुपये जास्त असो. अडचणीच्या दिवशी ओळख काढायला गेलात तर तो रोख मागेल. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मात्र माल देईल.

पाचवं : गिऱ्हाइकाला आधी तुम्ही सांगा. माल येणार नसेल तर त्याला रिकाम्या फळीवरून कळू देऊ नका. "ताई, हा माल आठ दिवस नाही, भावाचं बोलणं चालू आहे, तोवर हे वापरून बघा." एवढं बोललात तरी गिऱ्हाईक थांबतं. कंपनीवर राग काढत बसलात तर त्याला एवढंच समजतं, की या दुकानात माल मिळत नाही.

आज रात्री दुकान बंद केल्यावर पंधरा मिनिटं काढा. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा : पुरवठादार, ठरलेला भाव कधीपर्यंत, दुसरा पर्याय कोण. ज्या ओळीत शेवटचे दोन्ही रकाने रिकामे राहतील, त्या पुरवठादाराला उद्या सकाळी पहिला फोन करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, कागद जपा!