धुराड्याचें अस्तर



मराठींत ‘चिमणी’ हा शब्द मोठा सोशिक आहे. अंगणांत दाणे टिपते तीहि चिमणी, कंदिलावर बसवितात ती कांचहि चिमणी, आणि लालबाग-परळच्या गिरण्यांवर जी उंचच उंच उभी राहिली तीहि चिमणीच. आजच्या भाषणाचा विषय या तिघींपैकीं एकहि नाहीं. राहत्या घराच्या भिंतींतून छपरावर गेलेल्या आणि शेगडीचा धूर बाहेर नेणाऱ्या विटांच्या नळकांड्याविषयीं मला बोलावयाचें आहे. घोटाळा नको म्हणून त्याला मी सरळ ‘धुराडें’ म्हणणार आहें.

आपल्याकडे असें धुराडें महाबळेश्वर-पांचगणीच्या जुन्या बंगल्यांत काय तें दिसेल. मग मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना त्याचें काय, असें आपण विचाराल. उत्तर असें कीं, आपल्यापैकीं कितीकांचीं मुलें, सुना, भाचरें आज इंग्लंडांत संसार करीत आहेत, आणि तेथील शहरांतून त्यांच्या वांट्याला येणारें घर पुष्कळदां शंभर-सव्वाशें वर्षांचें असतें. त्या घराबरोबर त्यांना एक धुराडेंहि मिळतें. बाहेरून तें सुरेख दिसतें. आंतून तें कसें आहे हें कोणीं पाहिलेलें नसतें. मींहि पाहिलें नव्हतें.

लंडनच्या एका उपनगरांत आम्ही तीन हिंवाळे भाड्यानें राहिलों. घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचें, एकमेकांना भिंती लावून उभ्या केलेल्या रांगेंतलें. खालच्या दिवाणखान्यांत लाकडें जाळण्याची लोखंडी बंद शेगडी होती, आणि तिच्या बरोबर वरच्या खोलींत माझी सहा वर्षांची मुलगी निजत असे. त्या खोलीच्या भिंतीवर, धुराडें जेथून वर जातें तेथें, चहा सांडावा तसा एक पिंगट डाग होता. घरमालकानें तो दोनदां रंगवून घेतला. दोनदां तो पुन्हां उमटला. दुसऱ्या हिंवाळ्यांत मुलगी सकाळीं उठल्यावर डोकें दुखतें म्हणूं लागली. शाळेंत गेली कीं दुखणें थांबे. आम्हीं तो थंडीचा दोष मानला, आलें घालून काढा दिला, आणि वारा आंत येऊं नये म्हणून खिडकीच्या फटी कागदानें बुजविल्या. याहून मोठी चूक आमच्या हातून होण्यासारखी नव्हती.

पुढें धुराडें झाडणारा कारागीर आला. त्याला मीं सहज त्या डागाविषयीं विचारलें. त्यानें ब्रश खालीं ठेवला, दाट धूर सोडणारी एक गोळी शेगडींत पेटविली, धूर छपरावरून निघूं लागतांच वरचें व खालचें अशीं दोन्ही तोंडें बंद केलीं, आणि मला माडीवर जाऊन पाहावयास सांगितलें. मुलीच्या कपाटामागून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ शांतपणें वर चढत होती.

तो धूर तरी दिसला. खरी भीति न दिसणाऱ्याची आहे. लाकूड अथवा कोळसा पुरेशा हवेवांचून धुमसूं लागला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें त्याला चिकटतें, आणि मग शरीराला प्राणवायु मिळेनासा होतो. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें. नंतर गुंगी येते. आणि निजलेल्या माणसाला पुढचें कांहीं कळतच नाहीं.

आतां, धूर वर जावयाचा सोडून भिंतींतून बाहेर कां येतो, हें समजण्यास आपला कंदीलच पुरेसा आहे. कांचेवांचून कंदिलाची ज्योत फडफडते व काजळी धरते. कांच बसवितांच ती सरळ, स्वच्छ जळूं लागते. कांचेच्या आंतील हवा तापून हलकी होते, आणि बाहेरची थंड, जड हवा खालून आंत शिरून तिला वर लोटते. धुराडें म्हणजे विटांची बांधलेली हीच कांच होय. त्याच्या आंतील स्तंभ जितका उंच व उष्ण, तितकी ओढ जोराची. यावरून धुराड्याचे दोन धर्म निघतात: त्यानें धूर गरम ठेवावा आणि वाटेंत कोठेंहि फुटूं नये.

शेगडी भर जोरांत असतां भिंतीला चीर असली तरी ओढीमुळें खोलींतली हवाच चिरेंतून आंत खेंचली जाते, आणि घर अगदीं निर्धोक वाटतें. परंतु रात्रीं निखारे विझत आले, धुराडें गार झालें किंवा वारा उलटला, म्हणजे ओढ मंदावते आणि तीच चीर वायु बाहेर सोडूं लागते. धुमसत्या निखाऱ्यांतून विषारी वायु अधिक निघतो तो याच वेळीं. म्हणजे घरचीं माणसें जागीं असतां धुराडें शहाण्यासारखें वागतें, आणि तीं निजलीं कीं दगा देतें.

हीं जुनीं धुराडीं बांधणारे गवंडी अडाणी नव्हते. साधारण नऊ इंच चौरस नळी, दोन नळ्यांच्या मध्यें अर्ध्या विटेचा पडदा, आणि आंतून चुन्याचा गिलावा अशी त्यांची रीत होती. त्या गिलाव्यांत ते गाईचें शेण मिसळीत, हें ऐकून आपल्याला नवल वाटेल. शेणांतील तंतूंनीं गिलाव्याला चिकटपणा येतो व तडे कमी जातात. आपल्या आजीनें अंगण सारवितांना जें ओळखलें होतें तेंच त्यांनीं ओळखलें होतें. धुराड्याचें पहिलें अस्तर तें हेंच.

तें झाडण्याची रीत मात्र क्रूर होती. अरुंद, वांकड्या नळ्यांत लहान मुलांना चढवून काजळी खरडून काढीत. १८४० च्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील कोणासहि चढविण्याची मनाई केली, पण ती कोणीं फारशी पाळली नाहीं. १८७५ सालीं केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाच्या धुराड्यांत एक मुलगा अडकून मेला, तेव्हां त्याच वर्षीं नवा कायदा होऊन या धंद्यास पोलिसांचा परवाना लागूं लागला, आणि ही चाल मोडली. घराच्या न दिसणाऱ्या भागाकडे मोठ्या माणसांनीं कानाडोळा करावा आणि त्याची किंमत मुलांनीं द्यावी, असा हा इतिहास आहे.

त्या गिलाव्याचा नाश कशानें होतो? कोळशांत गंधक असतो. त्याचा वायु आणि ज्वलनांतून निघणारी वाफ धुराड्याच्या गार भिंतीवर एकत्र आलीं कीं आम्ल तयार होतें. तें चुन्याला खातें. घट्ट गिलावा भुसभुशीत होऊन ढासळतो, आणि मग विटांमधल्या दर्जा उघड्या पडतात. ओलें लाकूड जाळल्यास डांबरासारखा चिकट थर सांचतो व भिंतींतून पिंगट डागाच्या रूपानें बाहेर पाझरतो. हा थर कधीं पेटलाच, तर आंतील उष्णता हजार अंशांच्या घरांत जाते आणि उरलेंसुरलें अस्तर तडकतें.

यांत भर पडली ती जळण बदलल्याची. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर काळ्या धुक्याची छाया पडली व हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. हळूहळू कोळशाच्या शेगड्या विझल्या, गॅस आला, आणि कित्येक धुराडीं बुजलीं. त्यांपैकीं कांहीं आतां लाकडाच्या बंद शेगडीसाठीं पुन्हां उघडलीं जातात. ही नवी शेगडी उष्णता खोलींत राखते, म्हणून तिचा धूर थंड असतो. नऊ इंची नळींत शिरतांच तो आणखी थंड होतो, रेंगाळतो आणि भिंतीवर घाम धरतो. शेगडी नवी आणि धुराडें जुनें, हा विजोड संसार होय. नव्या घरांतील धुराड्यांना अस्तराचा नळ हवाच, असा दंडक इंग्लंडांत १९६५ च्या इमारत-नियमांनीं घातला. त्यापूर्वींच्या बहुतेक घरांत तो नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. प्रथम धुराडें स्वच्छ झाडून आंत कॅमेरा सोडावा व वर सांगितलेली धुराची परीक्षा करावी. ती करतांना घरांतील प्रत्येक खोली पाहावी, शेजाऱ्याचीहि पाहावी. कारण दोन घरांतील पडदा फुटला असल्यास आपल्या शेगडीचा वायु त्याच्या खोलींत जातो.

नव्या अस्तराचे मुख्य प्रकार तीन. पहिला भाजक्या मातीच्या नळांचा. हे दीर्घकाळ टिकतात; परंतु जुन्या धुराड्यांत ते बसवावयाचे तर वळणांच्या जागीं भिंत फोडावी लागते. प्रत्येक नळाचें रुंद तोंड वर ठेवून त्यांत वरच्या नळाचें बारीक टोंक बसवावें लागतें, म्हणजे आंत ओघळणारें आम्ल नळांतच राहतें. उलटे बसविले तर तेंच पाणी प्रत्येक सांध्यावर विटांत मुरतें.

दुसरा प्रकार ओतीव अस्तराचा. धुराड्यांत रबराची लांब नळी सोडून ती फुग्यासारखी फुगवितात, तिच्याभोंवतीं हलकें काँक्रीट भरतात, आणि तें घट्ट झाल्यावर हवा सोडून नळी काढून घेतात. यानें कमकुवत विटांना आधार मिळतो. मात्र एकदां ओतलेलें पुन्हां काढतां येत नाहीं.

तिसरा, आज पुष्कळ घरांत दिसणारा प्रकार म्हणजे स्टेनलेस स्टीलची लवचीक, दुपदरी नळी. ती दोरीनें वरून खालीं ओढून घेतात; साधारण घरगुती शेगडीला सहा इंच व्यासाची लागते. तिच्यावर दिशेचा बाण असतो, तो पाळावा लागतो. लाकडासाठीं सामान्यतः ३१६ क्रमांकाचें पोलाद चालतें. कोळशाच्या गंधकापुढें टिकावयास ९०४ क्रमांकाचें घ्यावें लागतें. नळीभोंवतीं व्हर्मिक्युलाइटसारखें फुलविलेलें खनिज भरलें तर धूर गरम राहतो. ही नळी जन्माची सोबतीण नव्हे. ओलें लाकूड जाळल्यानें किंवा रात्रभर शेगडी धुमसत ठेवल्यानें ती लवकर झिजते, आणि मग ती काढून नवीच घालावी लागते.

परंतु अस्तरानें छपरावरचा माथा सुधारत नाहीं. तेथें पाऊस, हिम आणि आंतलें आम्ल मिळून काम करतात. गंधकाचे क्षार सिमेंटशीं मिळून दर्जा फुगवितात. जी बाजू अधिक भिजते ती अधिक फुगते, आणि सबंध माथा कोरड्या बाजूकडे कलतो. लंडनच्या छपरांवर अशीं वांकलेलीं धुराडीं पुष्कळ दिसतात. कलणें थोडें असेल तर नुसतें लक्ष ठेवून चालतें. विटा सुटूं लागल्या तर परांची बांधून, भक्कम थर लागेपर्यंत माथा उतरवावा व पुन्हां बांधावा. इंग्लंडांतील नियमानें छपरावरील उंची त्याच्या सर्वांत कमी रुंदीच्या साडेचार पटींहून अधिक नसावी. जुन्या मऊ विटांसाठीं चुन्याचाच दर्जा घ्यावा. कडक सिमेंट भरलें तर पाणी विटेंत कोंडतें, थंडींत गोठतें, आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा उडतो. चुना हिमांत धरत नाहीं, म्हणून हें काम हिंवाळ्यापूर्वीं उरकावें. वरचे थोडे थर बाहेर काढले म्हणजे पागोळी भिंतीपासून दूर पडते, आणि छपराच्या सांध्यांत शिशाचा पत्रा घातला म्हणजे ओल खालीं उतरत नाहीं. परांची महाग असते. तेव्हां माथा आणि अस्तर दोन्ही त्याच परांचीवर करून घ्यावीं. सामाईक भिंत असल्यास १९९६ च्या कायद्याप्रमाणें शेजाऱ्याला आधीं लेखी कळवावें लागतें.

आमच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. घरमालक म्हणाला, भिंत तिसऱ्यांदा रंगवून देतों. मीं त्या धुराच्या रेघेचें छायाचित्र त्याच्यापुढें ठेवलें. सबंध महिना आम्हीं शेगडी पेटविली नाहीं आणि मुलीला आमच्या खोलींत निजविलें. मग पोलादी अस्तर पडलें, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र लागलें, आणि डोकेंदुखी पुन्हां आली नाहीं. तें यंत्र पांच-पंचवीस पौंडांचें. इंग्लंडांत २०२२ पासून, गॅसची चूल वगळतां, जळणाचें कोणतेंहि कायम उपकरण असलेल्या भाड्याच्या खोलींत तें बसविणें घरमालकावर बंधनकारक आहे. स्वतःच्या घरांत मात्र तें आपण होऊन लावावें.

विटांचा माथा हें धुराड्याचें रूप आहे. त्याचें खरें काम आंतलें अस्तर करतें. बाहेरून रंग देऊन आंतला दोष जात नाहीं, हें आपण इतर अनेक बाबतींत जाणतोंच. तेव्हां पुढच्या खेपेस परदेशांतील लेकीशीं किंवा मुलाशीं बोलाल, आणि घरांत शेगडी आहे असें कळेल, तर ‘जेवलीस का?’, ‘थंडी फार आहे का?’ या नेहमींच्या प्रश्नांनंतर आणखी एक विचारा: ‘तुमच्या धुराड्याला अस्तर आहे का, आणि तें शेवटचें कोणीं पाहिलें?’ उत्तर जर ‘ठाऊक नाहीं’ असें आलें, तर त्या रात्रीं शेगडी न पेटविण्यास सांगा.