तीन दिवस सुट्टी आणि एक बंद फियाट: जुन्या गाडीचं इंजिन समजून घेऊया

फोन हँग झाला की आपण काय करतो? रीस्टार्ट. तरी नाही झालं तर फॅक्टरी रीसेट. नेमकं काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळलं नाही म्हणून आपलं काही अडतही नाही. जुन्या गाडीला मात्र रीसेटचं बटण नसतं. ती का बंद पडली हे शोधल्याशिवाय ती चालू होत नाही.

यावेळी २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला आणि मी सांगलीला मामाकडे गेलो. मामाच्या परड्यात आजोबांची १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी आठ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मामाने गेल्या गेल्याच सांगून टाकलं, "सोमवारी भंगारवाला येतोय. तोवर चालू करून दाखव, मग बघू." म्हणजे हातात तीन दिवस. मला तोपर्यंत गाडीचं टायर बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं.

त्या तीन दिवसांत जे शिकलो ते सोप्या भाषेत सांगतो. आणि यूट्यूबवर तुम्ही जे 'हॉट रॉड' बघता, त्यामागचं गणितही यातच आहे.

आधी ओळख: ही 'फियाट' नक्की कोणती?

घरात सगळे फियाटच म्हणतात, पण गाडी आपल्या मुंबईतली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या मॉडेलवरून ती बनायची. १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगजवळ हातातला गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आजच्या गाडीत ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर असतो. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची हे तो ठरवतो. काही बिघडलं तर ओबीडी पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावून फोनवर एरर कोड वाचता येतो. पद्मिनीत यातलं काहीच नाही. सगळे निर्णय स्प्रिंग, पडदे, छिद्रं आणि तारा मिळून घेतात. त्यामुळे एरर कोडही आपणच व्हायचं.

तीनच प्रश्न विचारायचे

गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी एक सूत्र दिलं. पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात:

- सिलिंडरमध्ये दाब, म्हणजे कॉम्प्रेशन
- हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण
- योग्य क्षणी ठिणगी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'करंट'

गाडी चालू होत नसेल तर या तिघांपैकी एक तरी गायब आहे. ते म्हणाले, "एका वेळी एकच बघायचं. तीन ठिकाणी एकदम हात घातला की काय सुधारलं आणि काय बिघडवलं, दोन्ही कळत नाही."

शुक्रवार: दाब

आठ वर्षं उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारणं ही सगळ्यात मोठी चूक. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. जोर लावला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडे पडतात.

म्हणून आधी बॅटरी सोडवली, चारही स्पार्क प्लग काढले आणि प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल टाकून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. आधी घट्ट, मग एक हलका झटका, आणि मग सावकाश फिरायला लागलं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर पिस्टन वर येताना हवा अंगठा ढकलून बाहेर यायची. चारही सिलिंडरमध्ये तसंच. म्हणजे दाब आहे. पहिला प्रश्न सुटला.

शनिवार: पेट्रोल

पेट्रोल टाकीत वर्षानुवर्षं राहिलं की त्यातला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. आमच्या टाकीतल्या पेट्रोलला जुन्या व्हार्निशसारखा वास येत होता. ते सगळं काढून टाकलं आणि टाकी धुतली.

आता कार्ब्युरेटर. परफ्युमचा स्प्रे डोळ्यासमोर आणा. वेगाने जाणारी हवा नळीतून द्रव वर ओढते आणि त्याचे बारीक तुषार करते. कार्ब्युरेटर हेच करतो. इंजिन हवा ओढतं, ती हवा मध्येच अरुंद केलेल्या वाटेतून जाते. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे 'जेट' नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर खेचलं जातं. पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण सांभाळायचं काम त्या छिद्राच्या मापावर असतं.

थंड इंजिनमध्ये पेट्रोल नीट वाफाळत नाही. म्हणून 'चोक' ओढायचा. त्याने मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं.

आमचं मुख्य जेट राळेने पूर्ण बंद होतं. मी तार घालून साफ करणार इतक्यात मिस्त्रींनी हात धरला. तारेने पितळेचं छिद्र जरासं जरी मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारला, हवेच्या प्रेशरने फुंकलं आणि जेट उजेडाकडे धरून बघितलं. पलीकडचं आभाळ दिसलं तेव्हा कुठे समाधान झालं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या प्रकारचं रबर खराब करतं. म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप इथेनॉल चालणारे नवे टाकणं गरजेचं आहे. जुना पाइप गरम इंजिनवर गळला तर आग लागते.

रविवार: ठिणगी, आणि माझी चूक

बॅटरी १२ व्होल्टची. प्लगवर ठिणगी उडायला लागतात हजारो व्होल्ट. ते येतात कुठून?

इग्निशन कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक थोड्या वेढ्यांचं आणि दुसरं हजारो वेढ्यांचं. पहिल्यातून करंट वाहिला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रीब्युटरमधले 'पॉइंट' उघडले की करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. तीच आपली ठिणगी. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो.

हे किती वेगाने होतं बघा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनला दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या. आणि हे सगळं बोटाच्या पेराएवढे पॉइंट उघडझाप करून सांभाळतात!

आमच्या पॉइंटवर काळा थर चढला होता. बारीक पॉलिश पेपरने तो घासला, फीलर गेजने गॅप साधारण ०.४ मिमी ठेवला. (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.) प्लगवर निळी ठिणगी आली. दाब आहे, पेट्रोल आहे, ठिणगी आहे. मी चोक ओढला आणि स्टार्टर मारला.

फट्ट! कार्ब्युरेटरमधून उलटा फटाका. पुन्हा मारला, पुन्हा फट्ट. दुपारचे चार वाजले होते. मामा ओट्यावरून बघत होता, काही बोलत नव्हता.

काय चुकलं होतं? ठिणगी होती, पण चुकीच्या सिलिंडरला जात होती. या इंजिनमध्ये सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. प्लगच्या तारा काढण्याआधी मी फोनवर फोटो काढला होता, पण एकाच बाजूने. दोन तारा मागे लपल्या होत्या. त्या मी अंदाजाने लावल्या आणि ३ व ४ ची अदलाबदल झाली. त्यामुळे ४ नंबरच्या सिलिंडरला वेळेआधीच ठिणगी मिळत होती. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह तेव्हा पूर्ण बंद झालेला नसतो. पेटलेलं मिश्रण त्याच वाटेने उलटं कार्ब्युरेटरमध्ये यायचं.

मग पहिल्यापासून सुरुवात. १ नंबरच्या भोकावर अंगठा, इंजिन हाताने फिरवलं, हवेने अंगठा ढकलला, पिस्टन वर आणला, डिस्ट्रीब्युटरचा रोटर कुठे बोट दाखवतोय ते बघितलं. ती जागा १ ची. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने ३, ४, २.

साडेपाच वाजता गाडी चालू झाली. निळसर धुराने अर्धं परडं भरलं, कारण शुक्रवारी टाकलेलं ऑइल जळत होतं. मग धूर विरला आणि इंजिनचा आवाज एकसारखा लागला. मामा उठून आला, बोनटवर हात ठेवून तसाच उभा राहिला. "बाबांची गाडी अशीच वाजायची," एवढंच म्हणाला.

मग हॉट रॉड म्हणजे काय?

आमचा प्रश्न होता, गाडी का चालत नाही? हॉट रॉडवाल्यांचा प्रश्न असतो, ती आणखी जोरात कशी पळेल? उत्तर मात्र त्याच तीन गोष्टींत आहे.

ही गोष्ट दक्षिण कॅलिफोर्नियातली. १९३० च्या दशकात तिथली पोरं स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची आणि मडगार्ड, बोनट असं सगळं काढून वजन कमी करायची. मग त्या म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट जमिनीवर पळवायची. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन शर्यतींसाठी संघटना काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेले तरुण यात उतरले, आणि १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकही सुरू झालं.

त्यांची लाडकी गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड. सामान्यांना परवडेल अशा किमतीत तिच्यात ३.६ लिटरचं, ६५ हॉर्सपॉवरचं व्ही८ इंजिन होतं. त्याचे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असल्याने वरचं हेड म्हणजे जवळपास साधं झाकणच. ते घरच्या घरी बदलता यायचं.

- दाब वाढवा: जास्त कॉम्प्रेशनचं हेड बसवा
- हवा-पेट्रोल वाढवा: एकाऐवजी दोन-तीन कार्ब्युरेटर लावा
- ठिणगी सुधारा: जास्त वेगातही चुकणार नाही असा डिस्ट्रीब्युटर लावा

अमेरिकेत मेमोरियल डे आणि लेबर डे या दोन्ही सुट्ट्या सोमवारी येतात. म्हणजे सलग तीन दिवस. गॅरेजमधलं अर्धवट काम पुढे सरकवायला आणखी काय हवं?

भारतात हॉट रॉड बनवता येईल का?

इथे सांभाळून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं.

२०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आहेत. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. थोडक्यात, इथे गाडी जशी होती तशी जपण्यालाच किंमत आहे. आमची पद्मिनी या हिशेबाने २०३३ मध्ये पन्नाशी गाठेल.

तुम्हीही करणार असाल तर

1. आधी आरसीची मुदत बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. जुन्या गाडीची माहिती एमपरिवहन ॲपवर दिसली नाही तर आरटीओत चौकशी करा.
2. काहीही सोडण्याआधी फोटो काढा, तेही चारही बाजूंनी. तारांना कागदी चिठ्ठ्या लावा.
3. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली स्टँड हवाच.
4. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वासही नसतो.
5. जुन्या ब्रेकची धूळ फुंकू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.
6. इंजिन चालू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला तयार झाली असं नाही. ब्रेक, टायर, विमा आणि आरसी झाल्याशिवाय फाटकाबाहेर नेऊ नका.

आमची गाडीही अजून फाटकाबाहेर गेलेली नाही. ब्रेकचं काम आणि आरसीचं नूतनीकरण बाकी आहे. पण सोमवारी सकाळी मामाने भंगारवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग मला विचारलं, "पुढची जोडून सुट्टी कधी आहे रे?"

तुमच्या घरी, गावाकडे अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे का? कोणती, आणि किती वर्षांपासून? कमेंटमध्ये नक्की सांगा.