कलावंत जातो तेव्हा समाज का रडतो?

एखादा गायक किंवा वादक जग सोडून जातो आणि ज्याने त्याला आयुष्यात एकदाही जवळून पाहिलेले नाही असा मुलगा घरी जेवणाच्या ताटावरून उठून जातो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "तो तुझा कोण लागत होता?" प्रश्न साधा आहे; पण त्यात चेष्टा असते आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असते. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. कारण तरुण मुलामुलींच्या बाबतीत या प्रश्नाशी प्रसंगी जिवाचा संबंध येतो.

प्रथम नात्याचा विचार करू. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, रेडिओ आणि टेलिव्हिजनवर नेहमी भेटणाऱ्या व्यक्तीशी माणसाची एक जवळीक जडते. ती एकतर्फी असते. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. परंतु नाते एकतर्फी आहे म्हणून त्यातील भावना खोटी ठरत नाही. गायकाच्या बाबतीत तर ही जवळीक अधिक खोल जाते. त्याचा आवाज आपल्या लग्नघरात असतो, पाळण्याजवळ असतो, परीक्षेच्या रात्री उशाशी असतो. तो गेला म्हणजे त्या आवाजाशी बांधलेली आपली स्वतःची वर्षेही हलतात. रडणारा माणूस थोडा स्वतःसाठीही रडत असतो.

आपल्या समाजाला हे पुस्तकातून शिकावयास नको. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. पुढच्याच महिन्यात, २३ जून रोजी, प्रल्हाद शिंदे गेले. लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असतानाच कोसळले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार अशाच गळ्यांनी पोहोचविला. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांनी त्यांच्यासाठी डोळे पुसले तेव्हा "ते तुमचे कोण?" असे कोणी विचारले नाही. मग आपल्या नातवंडांना हा प्रश्न का विचारावा? त्यांचे गायक वेगळे असतील, वाद्ये वेगळी असतील. दुःखाची जात मात्र तीच आहे.

आता दोन परदेशांतील घटना पाहू. दोन्हींत कलावंत तरुण होते आणि त्यांचा अंत अकाली झाला होता.

पहिली जपानमधील. 'एक्स जपान' या गाजलेल्या वाद्यवृंदातील गिटारवादक हिदे २ मे १९९८ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी मृत्यू पावला. अधिकाऱ्यांनी ती आत्महत्या ठरविली. त्याच्या सहकाऱ्यांना तो अपघात वाटला. ७ मे रोजी टोकियोच्या त्सुकिजी होंगानजी या बौद्ध मंदिरात त्याचा अंत्यविधी झाला. या मंदिराची सध्याची वास्तू १९३४ सालची असून ती प्राचीन भारतीय बौद्ध शिल्पपद्धतीवर बांधलेली आहे. आपल्या लेण्यांच्या दर्शनी कमानीची आठवण तेथे हमखास होते. त्या दिवशी सुमारे ५०,००० लोक जमले. कित्येक मुलीमुलांना भोवळ आली, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. याहून वाईट म्हणजे, त्या दिवसांत काही चाहत्यांनी त्याच्यामागे आपलाही जीव दिला. अखेर त्याच्या सहकारी कलावंतांना पुढे येऊन चाहत्यांची जाहीर विनवणी करावी लागली.

दुसरी घटना अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील. तेथील 'निर्वाना' या वाद्यवृंदाचा गायक कर्ट कोबेन याने एप्रिल १९९४ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी आत्महत्या केली. (आपल्या परिचयाचा शब्द त्यांनी नावापुरता घेतला होता, एवढेच.) लागण पसरेल अशी भीती तेथेही होती. १० एप्रिल रोजी शहरात जाहीर शोकसभा झाली आणि हजारो तरुण एकत्र रडले. तेथे त्याच्या गाण्यावरचे प्रेम बोलून दाखविले गेले. पण त्याच्या शेवटच्या कृत्याचा गौरव झाला नाही. मदतीसाठी फोन कोठे करावा हेही लोकांना सांगण्यात आले. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले. मदतकेंद्राकडे येणारे फोन वाढले होते. आत्महत्यांची जी लाट अपेक्षित होती ती मात्र आलेली दिसली नाही. एका शहराच्या अनुभवावरून नियम बांधता येत नाही, हे खरे. तरीपण फोन वाढले, याचा अर्थ आम्ही असा घेतो की, मदतीची वाट दाखविली तर दुःखी माणूस तिकडे वळतो.

पुढे २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने वृत्तपत्रे व इतर माध्यमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आत्महत्येची पद्धत वर्णन करू नये, तिला बलिदानाचे रूप देऊ नये, एकच कारण देऊन मोकळे होऊ नये आणि मदतीचा पत्ता अवश्य द्यावा, असे त्यांचे सार आहे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे व प्रत्येक जण बातमी पुढे पाठवितो. तेव्हा या सूचना आता केवळ संपादकांसाठी राहिलेल्या नाहीत, त्या आपणा सर्वांसाठी आहेत.

येथे किसा गोतमीची कथा आठवते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली. तथागतांनी तिला हसून वाटेला लावले नाही. किंवा सर्व अनित्य आहे, असे प्रवचनही पहिल्या क्षणी दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आणावयास सांगितले. म्हणजे काय केले? तिला लोकांत पाठविले. दारोदार फिरताना प्रत्येक उंबरठ्यावर तिला तिच्यासारखेच कोणी भेटले. बोध तिला झाला, पण तो चालून झाल्यावर झाला. आपण मात्र पुष्कळदा चालणे वगळून थेट बोध देऊ पाहतो. "अनित्य आहे, रडू नकोस" हे वाक्य सत्य असूनही त्या घडीला कठोर होते.

म्हणून पालकांना व कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच की, मुलाची चेष्टा करू नका. त्याच्याजवळ बसा, ते गाणे त्याच्यासोबत एकदा ऐका. दुःख एकट्याने कोंडून घेण्यापेक्षा चारचौघांत बोलले जाऊ द्या. त्याच्या बोलण्यात "आता जगून काय करू" असा सूर आला तर तो नाटक म्हणून सोडून देऊ नका, त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे व तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या व अभ्यासिकेच्या फलकावर लिहून ठेवावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगावयाचे आहे. आवडता कलावंत गेला म्हणून रडण्यात कमीपणा नाही. वामनदादा गेले तेव्हा तुमच्या आजीने जे केले तेच तुम्ही करीत आहात. पण आजी दुसऱ्या दिवशी उठली आणि पोरांना त्यांचे गाणे शिकविले, म्हणून ते तुमच्या घरात अजून टिकून आहे. त्या कलावंताचे गाणे शिका, वाजवा, दुसऱ्याला ऐकवा. त्यासाठी मात्र तुम्ही असावयास हवे.