छोटी गिटार : बोटांना हलकी, पण मनगट सांभाळा

गिटारच्या क्लासला नाव घातलेल्या मोठ्या माणसांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. सी, जी, डी असे सोपे कॉर्ड जमतात, गाणे ओळखू येईल इतपत वाजते, आणि मग ‘एफ’ येतो. तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी आणखी तीन तारा धरायच्या. बोटे हुळहुळतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि दोन-तीन महिन्यांत गिटार कपाटावर जाऊन बसते. ‘आता वय झाले, बोटे वळत नाहीत,’ असे म्हणून माणूस मोकळा होतो. अशा वेळी दुकानदार किंवा एखादा मित्र सल्ला देतो, ‘छोटी घ्या, ट्रॅव्हल साइजची. हाताला सोपी पडते.’ हा सल्ला अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा समजून न घेता छोटी गिटार आणली, तर दुखणे बोटांतून निघून मनगटात जाते.

ट्रॅव्हल गिटार म्हणजे लहान मुलांचे खेळणे नव्हे, आणि युकुलेलेही नव्हे. तिला मोठ्या गिटारसारख्याच सहा तारा असतात आणि त्या बहुधा त्याच स्वरांत लावतात. फरक मापाचा. स्टीलच्या तारांच्या नेहमीच्या गिटारमध्ये वरच्या खाचांच्या पट्टीपासून (तिला ‘नट’ म्हणतात) खालच्या ब्रिजपर्यंतची तार साधारण २५.५ इंच, म्हणजे ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते. छोट्या गिटारमध्ये ती २३ इंचांवर, म्हणजे साडेअठ्ठावन्न सेंटिमीटरच्या आसपास येते. पोटही आखूड. ‘ड्रेडनॉट’ या प्रचलित मोठ्या घाटाचे नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडले आहे आणि तिचे पोट सर्वांत रुंद जागी जवळजवळ ४० सेंटिमीटर भरते. छोटीचे ३२ च्या आसपास. अमेरिकेतील मार्टिन कंपनीची वल्ह्यासारखी निमुळती ‘बॅकपॅकर’ १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अंतराळातही जाऊन आली. टेलर कंपनीची ‘बेबी’ १९९६ मध्ये आली आणि त्यानंतर हा घाट जगभर पसरला.

आता तारेचे गणित. फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी १६३६ च्या सुमारास ताणलेल्या तारेचे नियम मांडले. त्यांचा सोपा अर्थ असा, की तार तीच आणि स्वरही तोच ठेवायचा असेल, तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. लांबी २५.५ वरून २३ इंच झाली, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी घटली. ताण मात्र जवळजवळ १९ टक्क्यांनी उतरतो. मोठ्या गिटारच्या सहा स्टीलच्या तारांचा एकत्रित ताण ७० किलो वजन टांगल्याइतका असतो. त्याच तारा छोटीवर लावल्या तर तो साठाच्या आसपास येतो. फ्रेटही, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, जवळ येतात. पहिल्या चार फ्रेटचे अंतर जवळजवळ सव्वा सेंटिमीटरने कमी होते. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांना सव्वा सेंटिमीटर म्हणजे काय, हे सांगायला नको.

इथपर्यंत दुकानदार बरोबर आहे. पण लांबी कमी आणि ताण कमी, म्हणजे तार ढिली पडून फ्रेटवर खरखरते आणि आवाजही बारीक होतो. म्हणून काही कंपन्या छोट्या गिटारला मुद्दाम जाड तारा लावून देतात. जाड तारेला त्याच स्वरासाठी जास्त ताण लागतो आणि मिळालेल्या सवलतीचा मोठा भाग परत जातो. घेताना तारांचा गेज विचारावा. सर्वांत बारीक तार ०.०१३ इंचाची असेल तर ती नवशिक्यासाठी नाही; ०.०१२ किंवा ०.०११ मागावी. खरखर न होता चालत असेल तर बोटांना फरक लगेच कळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट तारेच्या उंचीची. तार फ्रेटपासून किती वर आहे, याला वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. उंच तार दाबून फ्रेटला टेकवायला जास्त जोर लागतो, मग गिटार छोटी असो वा मोठी. बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेखाली साधी मोजपट्टी धरून बघावी. अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठीक. तीनच्या वर असेल तर ‘सेटिंग’ करून घ्यायला हवे. वरच्या टोकाची तपासणी आणखी सोपी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे कागद सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत, आणि ‘एफ’ न जमण्याचे कारण बहुधा तेच आहे; तुमचे वय नव्हे. जाणत्या कारागिराकडे हे काम थोड्या वेळात होते आणि नव्या गिटारच्या किमतीपुढे खर्च किरकोळ. माझ्या मते नवी छोटी गिटार घेण्याआधी घरातल्या मोठीचे सेटिंग करून पाहावे. अनेकांना दुसरी घ्यावीच लागणार नाही.

एवढे करूनही सुरुवातीला बोटे दुखणारच, आणि ते दुखणे वाईट नाही. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडला की त्वचा तिथे हा थर जाड करते. कुदळ धरणाऱ्याच्या तळव्याला पडतात तेच हे घट्टे. त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटे दोनदा वाजवणे चांगले, कारण एका बैठकीत त्वचेला फोड येतो, घट्टा पडत नाही. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर त्वचा भिजून मऊ झालेली असते. तेव्हा तारेने ती चटकन सोलवटते. तयार झालेला घट्टा कुरतडू नये. डाव्या बोटाचा ठसा फोन ओळखेनासा झाला, तर घाबरण्याचे कारण नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी मात्र दोन सूचना. ग्लुकोमीटरसाठी डाव्या हाताची बोटे टोचण्याची सवय असेल तर ती बदलून उजव्या हाताची बोटे घ्यावीत, तीही टोकाला न टोचता कडेला. घट्ट्यातून रक्त नीट येत नाही आणि टोचलेल्या जागी तार रुतली की आग होते. दुसरे, हाताची संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेला कळत नाही. वाजवून झाल्यावर बोटे डोळ्यांनी पाहावीत.

बोट दुखत असल्याने एखादा दिवस गिटार हाती घेता आली नाही, तरी तो वाया जाण्याचे कारण नाही. अल्वारो पास्कुअल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पियानो न येणाऱ्या प्रौढांना त्यांनी पाच बोटांचा एक पलटा रोज दोन तास, पाच दिवस वाजवायला दिला. मेंदूच्या ज्या भागातून बोटांची हालचाल चालते तिथला त्या बोटांचा वाटा पाच दिवसांत वाढलेला दिसला. आणखी एका गटाने बोटे न हलवता तोच पलटा नुसता मनात वाजवला. त्यांच्या मेंदूतही तसाच बदल दिसला. म्हणजे लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटून सीवरून एफवर जाता येते. पन्नाशीत मेंदू शिकत नाही, ही समजूत बोटांच्या दुखण्यापेक्षा जास्त लोकांची गिटार सोडवते.

आता मनगट. मोठ्या गिटारवरून उजवा हात टाकताना खांदा उचलला जातो. ज्यांचा खांदा आखडलेला आहे त्यांना छोट्या पोटाची गिटार खरोखर दिलासा देते. पण मोठी गिटार मांडीवर भक्कम बसते, छोटी बसत नाही. तिची मान खाली झुकते किंवा पोट मांडीवरून घसरते. मग डावा हात दोन कामे करू लागतो, तारा दाबायच्या आणि गिटारही तोलून धरायची. अंगठा मानेवर चिमट्यासारखा आवळला जातो. गिटार खाली बसल्यामुळे माणूस तिच्यावर ओणवा होतो आणि डावे मनगट आत दुमडते. अंतराळ स्थानकात गिटार वाजवणाऱ्या अंतराळवीरांची अडचण याच जातीची, फक्त टोकाची. तिथे मांडीचा आधारच नाही. तार दाबली की गिटारच दूर सरकते.

दुमडलेल्या मनगटात नेमके काय होते? मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा आहे. बोटे वळवणाऱ्या दोऱ्यांसारख्या नऊ शिरा (वैद्यकीय भाषेत स्नायुबंध) आणि मध्यिका ही नस त्यातूनच जातात. मनगट दुमडले की आतला दाब वाढतो. नस दबली की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात. अनेकांना त्या रात्री झोपेतून उठवतात. करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर ती नस वेगळी, कोपराजवळून जाणारी. गरोदरपणात, थायरॉइड मंदावलेल्यांत आणि मधुमेहात मनगटाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. बोटाच्या टोकाची आग घट्टा पडला की जाते. मुंग्या, बधिरपणा, हातातून वस्तू निसटणे, अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या दिवशीही टिकणारी कळ ही वेगळी गोष्ट आहे. तिथे ‘सराव वाढवा, जमेल’ हा सल्ला घातक. वाजवणे थांबवावे आणि आठवड्याभरात उतार नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि बहुतेक जण तो बसून वाजवताना करत नाहीत : पट्टा लावणे. पट्टा गळ्यात असा आखूड करावा की बसल्यावरही गिटार त्यावरच लटकेल. मान थोडी वर, डोक्याच्या दिशेने उचललेली असावी. मनगट आपोआप सरळ होते. परीक्षा अशी, की डावा हात पूर्ण सोडला तरी गिटार जागची हलता कामा नये. काही छोट्या गिटारना पट्ट्याचे दुसरे बटण नसते; ते बसवून घ्यावे. पट्टा नको असेल तर डाव्या पायाखाली पाट घ्यावा.

आवाजाबाबतही एक सवय हाताला महागात पडते. सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा. लहान पेटीतल्या हवेचा स्वत:चा स्वर याच्या बराच वर असतो, म्हणून ती हा खर्ज नीट बाहेर टाकू शकत नाही. तो आपल्याला ऐकू येतो, कारण १६४, २४६ असे वरचे स्वरांश कानावर पडले की मेंदू खालचा मूळ स्वर भरून काढतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर डग्गा ऐकू येतो तो याच युक्तीने. पण खोलीत चार माणसे असली की हा खर्ज पोकळ वाटतो, आणि वाजवणारा आवाज काढण्यासाठी उजव्या हाताने जोर लावू लागतो; त्याबरोबर डावाही नकळत आवळतो. छोट्या गिटारकडून मोठीचा आवाज मागू नये. रात्री दहानंतर फ्लॅटमध्ये वाजवायला ती मोठीपेक्षा बरी, हेही खरे.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. जूनपर्यंत ठीक चाललेला हात जुलैत पुन्हा दुखू लागतो. यात हाताचा दोष नसतो. लाकूड हवेतला ओलावा घेऊन रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. गिटारची वरची फळी कडांना चिकटवलेली असल्याने फुगायला जागा नसते. ती मध्ये उचलली जाते, तिच्याबरोबर ब्रिज आणि त्याबरोबर तारा. गिटारला मानवणारी आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ती सहज ८० च्या पुढे जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटे होते. मानेचे लाकूड आकसते आणि फ्रेटची धातूची टोके कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात. थर चिकटवून केलेल्या लाकडाची गिटार यात कमी हलते, कारण आडव्या-उभ्या थरांचे रेषे एकमेकांना धरून ठेवतात. जाणकार नाक मुरडतात, कारण अखंड फळीचा आवाज अधिक भरदार. पण प्रवासाच्या आणि किनारपट्टीच्या गिटारसाठी मी थरांचीच घेईन. पावसाळ्यात ती पिशवीत बंद, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्याने पुसाव्यात. गंजलेली तार बोटाखाली कानशीसारखी लागते.

प्रवासाला नेताना एवढेच, की विमानात केबिनमध्ये नेण्याच्या सामानाची लांबी आपल्याकडे बहुधा ५५ सेंटिमीटर असते आणि छोटी गिटारही तिच्यात बसत नाही. आधी कंपनीला विचारून ठेवावे. उन्हात उभ्या बंद मोटारीत ती कधीही ठेवू नये, डिंक मऊ होऊन ब्रिज उखडतो. आणि एसी डब्यातून रत्नागिरीला उतरल्यावर लगेच पिशवी उघडू नये. थंड लाकडावर आणि तारांवर दमट हवेचे पाणी धरते. अर्धा-पाऊण तास ती बंदच राहू द्यावी.