वाळवी : चौकट, गोदाम आणि वह्या सांभाळा

दुकानाचा आगीचा विमा काढलेला असला तरी वाळवीने खाल्लेल्या मालाची भरपाई त्यातून मिळत नाही. कापडाचे गठ्ठे, हिशेबाच्या वह्या, दाराच्या चौकटी, जे गेले ते आपल्या खिशातून गेले. तेव्हा ही कीड वेळीच ओळखता आली पाहिजे.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात व सकाळी खिडकीखाली पंखांचा सडा दिसतो. मुंग्यांनाही पंख फुटतात, म्हणून नीट पाहावे. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे. वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारख्या लांबीचे. भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर थोडी फोडून ठेवावी. काही दिवसांत ती पुन्हा सांधली गेली तर आत वाळवी चालू आहे. कोरड्या लाकडातली वाळवी मात्र नळी बांधत नाही. तिच्या खाली खसखशीसारखे दाणे पडतात.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, या भरवशावर आपले सुतार बांधव गिऱ्हाइकाला हमी देतात. पण चौकटीत सालीकडचा पांढरा भाग राहिला तर वाळवी आधी तोच खाते आणि नाव कारागिराचे जाते. चौकटीचे पाय मातीत गाडू नयेत, खाली दगड द्यावा. शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात टाकून वर लादी बसवतात, हे तर वाळवीला ताट वाढून देणे झाले! मालकाने लादीपूर्वी स्वतः उभे राहून भराव साफ करून घ्यावा.

गोदामात गठ्ठे व खोकी लोखंडी घोड्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत, म्हणजे मागची भिंत दिसते. नळाची गळती आधी बंद करावी. जमिनीतल्या वाळवीला ओल लागतेच.

रॉकेल ओतून वरवरचे किडे मरतात, जमिनीतली राणी अंडी घालतच राहते. जुनी मंडळी आल्ड्रिनचे नाव घेतात, पण त्यावर १९९६ मध्ये बंदी आली. सध्या इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन ही औषधे वापरतात. भारतीय मानक ६३१३ प्रमाणे उभ्या इमारतीत भिंत व लादीच्या सांध्यावर साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध खाली जमिनीत सोडतात. भोके न पाडता नुसता फवारा मारणाऱ्याला पैसे देऊ नयेत. औषधाचा सीलबंद डबा समोर उघडायला लावावा, धान्य व पिण्याचे पाणी आधी हलवावे, मुलांना दूर ठेवावे. विहीर जवळ असेल तर ते आधीच सांगावे. हमी लेखी घ्यावी आणि थोडी रक्कम पुढचा पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याचे ठरवून घ्यावे.