पदवीधराचे जादा मत आणि मॅकडोनाल्ड यांची पोटनिवडणूक

शहापूर तालुक्यातील शेणवा येथे राहणाऱ्या पदवीधराला विधानसभेसाठी एक मत असते आणि विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात दुसरे. त्याच्या शेजारी भातशेती करणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या शेतकऱ्याला हे दुसरे मत नाही. पदवीला असे वेगळे प्रतिनिधित्व देण्याचे जुने रूप ब्रिटिश संसदेतील विद्यापीठ मतदारसंघांत दिसते. त्यातले सारे अंतर्विरोध जानेवारी १९३६ च्या एका पोटनिवडणुकीत उघडे पडले.

उमेदवार होते रॅम्से मॅकडोनाल्ड. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर करणारे, आणि त्यातून येरवड्याचे उपोषण व पुणे करार ज्यांच्यामुळे घडले, तेच हे पंतप्रधान. जून १९३५ मध्ये त्यांचे पंतप्रधानपद गेले. तरी मंत्रिमंडळातील स्थान टिकले होते. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र सीहॅमच्या खाणकामगारांनी त्यांचा सुमारे वीस हजार मतांनी पराभव केला. मजूर पक्ष सोडून ‘राष्ट्रीय’ सरकारात गेलेल्या जुन्या पुढाऱ्याला त्यांनी क्षमा केली नाही.

सुरक्षित जागा सापडली ती स्कॉटलंडच्या चार विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघात. तेथील नोएल स्केल्टन यांचे निकालापूर्वीच निधन झाले होते. मते टपालाने येत असल्याने मृत्यूनंतरही ते विजयी ठरले आणि जागा रिकामी झाली! मॅकडोनाल्ड यांना १६,३९३ मते मिळाली. स्कॉटिश राष्ट्रवादी उमेदवार डेवर गिब यांना ९,०३४, तर मजूर पक्षाच्या उमेदवारास ३,५९७. कामगारांनी नाकारलेला नेता पदवीधरांनी संसदेत परत पाठवला. गंमत अशी, की विद्यापीठांच्या जागा रद्द करण्याचा प्रयत्न १९३१ मध्ये मॅकडोनाल्ड यांच्याच सरकारने केला होता आणि तो थोडक्यात फसला होता. शिवाय रीतसर विद्यापीठीय शिक्षण त्यांना स्वतःला कधी लाभलेच नव्हते.

१९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हीच जागा बंगालचे माजी गव्हर्नर सर जॉन अँडरसन यांना मिळाली. म्हणजे विद्वानांच्या प्रतिनिधित्वासाठी राखलेले दार सत्ताधाऱ्यांच्या सोयीचेही ठरत होते. मजूर सरकारच्या १९४८ च्या कायद्याने अखेर या जागा संपवल्या.

मुंबई विद्यापीठालाही प्रांतिक कायदेमंडळात अशी जागा होती. कन्हैयालाल मुन्शी तेथून निवडून गेले होते. ब्रिटनने ही पद्धत मोडीत काढली, त्याच सुमारास आपल्या राज्यघटनेने तिला वेगळ्या रूपात स्थान दिले. कलम १७१ नुसार विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा पदवीधरांच्या. महाराष्ट्रात त्या सात. एक फरक महत्त्वाचा आहे. येथे मतदार विद्यापीठाचा नसून प्रदेशाचा असतो: पदवी कोठलीही चालते, वास्तव्य मतदारसंघातील हवे आणि पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली हवीत.

मात्र ही यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे, मागच्या वेळी मतदानही केले होते, एवढे पुरत नाही. अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरला नाही, तर शेणव्याच्या पदवीधराकडेही शेजाऱ्याइतकेच, एकच मत उरते.